आक्काचा कान

संपत कुरणे आक्काच्या गॅरेजवर आला होता नुसता वायपर बदलायला. पण शाळेची ती पिवळी, विजेवर चालणारी गाडी फाटकातून आत वळली आणि आक्काच्या हातातला चहा बशीतच राहिला.

"थांब! हितंच थांब. पुढं घेऊ नको."

"काय झालं वो आक्का?"

आक्कानं गाडी लिफ्टवर घेतली, वर उचलली, हातभर लांबीचा पेचकस पुढच्या डाव्या चाकामागं टेकवला आणि त्याची मूठ कानाला लावली. तिच्या हाताखालच्या दस्तगीरचाचांनी पहारीनं चाकाला नेट दिला. टिक. नेट सोडला. टिक. तिनं डोळे मिटून सात-आठ वेळा ऐकलं. डोळे उघडले तेव्हा त्यात जाळ होता.

"ही गाडी हितनं हलणार न्हाई. स्टब चिरलाय."

स्टब म्हणजे चाक ज्याच्यावर फिरतं तो लोखंडी खुंटा. तो मोडला की चाक एकीकडं आणि गाडी एकीकडं.

संपतनं खिशातून मोबाइल काढला आणि तिच्या नाकासमोर धरला. पडद्यावर गाडीचं चित्र होतं, चारही चाकं हिरवीगार, खाली मोठ्या अक्षरांत ‘सुरक्षित’. "आवं, हिरवा हाय की. सकाळी सहाला तपासलंय श्रवणनं."

"खड्ड्यात गेला तुझा श्रवण."

"मला तर काय ऐकू येत न्हाई."

"तुला बायकोचंबी ऐकू येत न्हाई, म्हणून काय ती बोलत न्हाई व्हय?" आक्का कडाडली. "उद्या कुठं जाणार हाय ही गाडी?"

संपतचा आवाज खाली आला. "पन्हाळ्याला. चौथीची सहल हाय. बावीस पोरं."

घाट, उतार, वळणं आणि पोटात चौदाशे किलोची बॅटरी घेतलेली गाडी. आक्कानं पेचकस बाकड्यावर असा आपटला की दोन नट उडून नाल्यात पडले.

रत्नमाला नेजदार हे तिचं कागदावरचं नाव. वय बावन्न. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बापाच्या हाताखाली लोखंड चाटत मोठी झाली, लग्न केलं नाही, आणि बाप गेल्यावर पत्र्याच्या एका शेडमधलं गॅरेज तिनं चार गाळ्यांचं केलं. जाहिरात केली नाही, पाटीसुद्धा बापाच्या काळातलीच. गॅरेज वाढलं ते तिच्या कानावर आणि तिच्या फोनवर.

कानाचं सगळ्यांना ठाऊक होतं. मडकं घेताना बाई टिचकी मारून बघते ना, तशी आक्का लोखंड ऐकायची. पण खरी गंमत होती फोनची. गिऱ्हाईक अडलेलं असायचं. उसाचा हंगाम चालू, दुधाची फेरी चुकवता येत नाही, लेकीचं लग्न तोंडावर. अशा वेळी गाडी सोडून ठेव म्हणणं म्हणजे माणसाच्या पोटावर पाय देणं. मग आक्का ऐकायची, मनात हिशेब करायची आणि म्हणायची, "चालंल. पर निम्मा माल भर, चाळीसच्या वर पळवू नको, आणि आठ दिवसांत ये." आठव्या दिवशी गिऱ्हाईक आलं नाही की नवव्या दिवशी सकाळी फोन वाजायचाच. "काय रे, मेलास का जिता हाईस? गाडी घिऊन ये." लोक चेष्टा करायचे, सासूचा फोन चुकंल पण आक्काचा चुकायचा नाही म्हणून. उद्यमनगरातले सगळेच जुने मिस्त्री असं ‘चालंल’ म्हणायचे. त्या एका शब्दामागं दोन माणसांचा करार असायचा, आणि तो कुणी कधी लिहून ठेवला नव्हता.

मग सहा वर्षांपूर्वी कंपनी आली.

कंपनीचं विज्ञान वाईट नव्हतं, हे आधी सांगायला पाहिजे. लोखंड एकदम मोडत नाही. रोज ओझं, रोज खड्डे, त्यानं आत केसाएवढी चीर पडते आणि ती रोज कणाकणानं वाढते. प्रत्येक वेळी वाढताना धातू एक बारीक आवाज सोडतो. तो आपल्या कानाच्या पट्टीच्या कितीतरी वरचा असतो. चीर मोठी झाली, तिच्या दोन कडा एकमेकींवर घासायला लागल्या, की मगच तो टिक होऊन माणसाला ऐकू येतो, आणि तोही तयार कान असला तर. कंपनीनं टिकलीएवढे पातळ तुकडे काढले. ते चाकामागं, ब्रेकवर, एक्सलवर चिकटवायचे. लोखंड थरथरलं की टिकलीत वीज तयार होते, विजेचा नकाशा कंपनीच्या यंत्राकडं जातो, आणि यंत्र सांगतं की भाग बरा आहे की मरणार आहे. यंत्राचं नाव श्रवण. उद्यमनगरात त्याला श्रवणबाळ म्हणायचे.

पण बोलायला शिकणाऱ्या पोराला जसं पाणी म्हणजे काय ते दाखवून सांगावं लागतं, तसं यंत्रालाही कुणीतरी सांगावं लागतं की हा आवाज कशाचा. त्यासाठी कंपनीला तयार कान हवे होते. चाकाच्या भागांसाठी त्यांनी आक्काला निवडलं. दोन वर्षं सौमित्र देवधर नावाचा पुण्याचा इंजिनिअर पोरगा तिच्या गॅरेजमध्ये माइक घेऊन बसायचा, तिच्याच डब्यातली भाकरी खायचा. बदल्यात कंपनीनं दोन लिफ्ट दिल्या. तिसरा आणि चौथा गाळा त्याच लिफ्टच्या जोरावर उभा राहिला. आक्काला तेव्हा आभाळ ठेंगणं झालं होतं.

श्रवण आला आणि पाठोपाठ कायदा आला. रोजचा हिरवा दाखला म्हणजेच गाडीची तंदुरुस्ती. हिरव्या भागाला कंपनीबाहेरच्या कुणी पाना लावला तर गाडीचा विमा त्या क्षणी रद्द आणि गॅरेजचा परवाना स्थगित. गाडी स्वतःच चुगली करते, कुणी सांगायची गरज नाही. दोन वर्षांत आक्काकडची सातातली सहा माणसं गेली. उरले दस्तगीरचाचा, आणि उरली कामं वायपरची, आरशाची, सीटच्या कव्हरची. स्वतःचाच कान विकून तिनं लिफ्ट घेतल्या होत्या, आणि त्या लिफ्टवर आता कबुतरं बसायची.

आक्कानं शाळेत फोन लावला. मुख्याध्यापिका सरनाईक बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि थंडपणे विचारलं, "मी पालकांना काय सांगू? श्रवण सुरक्षित म्हणतोय आणि गॅरेजवाल्या बाईंना टिक ऐकू आलं?"

"व्हय. हेच सांगा."

"आयत्या वेळी दुसरी गाडी कुठून आणू मी? आणि रत्नमालाताई, राग मानू नका, पण धंदा बसला की माणसं असं काहीतरी काढतातच."

फोन बंद झाला. आक्काच्या कानशिलाची शीर तटतटली. तिला चोर म्हटलं असतं तरी चाललं असतं. बावीस पोरांच्या जिवावर गिऱ्हाईक ओढते म्हटलं होतं.

"चाचा, बघितलासा? मी भीक मागायलोय म्हनं!" कोल्हापूरच्या बायका मी जातो, मी येतो असंच बोलतात, आणि आक्का चिडली की तिच्या बोलण्यात बाप उतरायचा. "त्या सौमित्रला लावतो आता."

सौमित्र दुपारी एकला आला. पोरगा आता पोरगा राहिला नव्हता. अंगावर कंपनीचा कोट, केस कानाजवळ पिकलेले, विभागाचा मोठा साहेब झाला होता. पण दारात चप्पल काढायची जुनी सवय गेली नव्हती.

"आक्का, कशा आहात?"

"मी मराय टेकलो न्हाई अजून. त्या गाडीचं बघ."

त्यानं टॅब्लेट जोडला, दोन मिनिटं बोट फिरवलं. "हिरवा आहे आक्का. काहीच शंका नाही."

"आवाज येतोय का न्हाई टिकलीला?"

"येतोय ना. यंत्रानं तो ओळखलाही आहे. म्हणूनच तर हिरवा दिलाय."

"कशावरनं?"

सौमित्रनं पडदा तिच्याकडं वळवला. तिथं लिहिलं होतं: सर्वांत जवळचा नमुना ४३१२. जुळणी सत्त्याण्णव टक्के. तज्ज्ञाचा निर्णय: चालेल. तज्ज्ञ: र. नेजदार, कोल्हापूर.

"वाजव," आक्का म्हणाली.

टिक. टिक. टिक. मग सहा वर्षांपूर्वीचा तिचाच खणखणीत आवाज गॅरेजभर घुमला. "चालंल."

संपत हसायला गेला आणि आक्काचं तोंड बघून गप्प झाला. ती मागं पडलेल्या जुन्या टायरवर बसली होती.

"परत वाजव."

तिनं तीनदा ऐकलं. आक्का माणसांची नावं विसरायची पण गाडीचा आवाज विसरायची नाही. "महादू वाडकर," ती हळू म्हणाली. "कागलचा. दुधाची गाडी. भर पावसाचे दिस हुते, गाडी उभी केली असती तर दोनशे लिटर दूध नासलं असतं. म्हणून मी म्हटलं चालंल. निम्मेच कॅन भर म्हटलं. आठ दिवसांत ये म्हटलं." ती उठली. "ते कुठाय? माझं पुढचं बोलणं कुठाय ह्यात?"

"आक्का, तुम्हाला आठवत असेल... मीच सांगितलं होतं. आवाज घेताना जास्त बोलू नका म्हणून. बोलण्यानं नमुना खराब व्हायचा."

आठवत होतं. चांगलं आठवत होतं. पहिल्या महिन्यात ती माइकसमोरही सगळं बोलायची, आणि सौमित्र हसून म्हणायचा, फक्त एक शब्द आक्का, ठीक, चालेल नाहीतर बदला. तेव्हा दुसरी लिफ्ट यायची होती. ती गप्प बसायला शिकली. फोन करून दटावणारी बाई माइकसमोर एका शब्दाची झाली, आणि हे आपण काय करतोय असं तिला एकदाही वाटलं नाही.

"आठ दिवसांत महादू आला न्हाई," ती दात खाऊन म्हणाली. "नवव्या दिवशी फोन केला, दहाव्या दिवशी केला. अकराव्या दिवशी मी स्कूटरवरनं कागलला गेलो आणि त्याच्या दारातनं किल्ली काढून घेतली. तो स्टब मी माझ्या हातानं बदलला, सौमित्र! निम्म्याच्या वर चिरला हुता. हे तुझ्या श्रवणबाळाला कुणी सांगितलं?"

"नाही सांगितलं."

"आणि रकाने तर तीन हुते. ठीक, चालेल, बदला. मग रंग दोनच कसे?"

सौमित्रनं टॅब्लेट बंद केला. "लोक पिवळा बघून घाबरतात, गाडी घेत नाहीत, असं विक्रीवाल्यांचं म्हणणं पडलं. म्हणून ‘चालेल’ हिरव्यात घातलं."

"कुणी?"

"मीटिंगमध्ये ठरलं."

"तू हुतास का तिथं?"

तो पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हणाला, "होतो."

दस्तगीरचाचा सहसा मध्ये बोलायचे नाहीत. ते म्हणाले, "ह्या एका नमुन्यावर किती गाड्या हिरव्या हैत, साहेब?"

"एकसष्ट हजार."

बाहेर लेथवर कुणीतरी लोखंड कापत होतं.

"आक्का, माझं ऐका," सौमित्र जवळ येऊन, आवाज खाली आणून म्हणाला. "मी वर कळवतो. भाग लाल करायला मंजुरी लागते, चार दिवस जातील. पण तुम्ही यात पुढं येऊ नका. करारात ओळ आहे, तज्ज्ञाचा निर्णय चुकला तर जबाबदारी तज्ज्ञाची. बोभाटा झाला तर ते सगळं तुमच्या नावावर ढकलतील. गॅरेज जाईल, लिफ्ट जातील, वर कोर्ट."

"सहल उद्या हाय."

"एका दिवसात काही होणार नाही. शक्यता फार कमी आहे."

"म्हणजे चालंल म्हणतोस तू," आक्का म्हणाली. "शिकलास की माझ्याकडनं."

आक्का संपतकडं वळली.

"संपत, मी पाना लावला की तुझा विमा जातो. विमा गेला की ही गाडी उद्या रस्त्यावर येऊच शकत न्हाई, बाईंनी कितीबी आदळआपट केली तरी. माझा परवाना जाईल ते माझं मी बघंन. पर तुझं कंत्राटबी जाईल. घाटात स्टेअरिंग तुझ्या हातात असणार. तू सांग."

संपतनं मोबाइलमधल्या हिरव्या चाकांकडं एकदा बघितलं. मग तो खिशात टाकला आणि भिंतीवरचा मोठा पाना काढून तिच्या हातात दिला. "आमच्या बापाला तुमचा फोन आला हुता आक्का, उसाच्या ट्रॉलीसाठी. तो लई शिव्या द्यायचा तुमाला. पर म्हातारा झोपेत गेला, रस्त्यावर न्हाई. लावा पाना."

पहिला बोल्ट सैल झाला आणि आक्काचा मोबाइल कंबरेला थरथरला. तिनं बघितलं नाही. चाचांनी वाचून दाखवलं. "नेजदार ऑटो, परवाना स्थगित."

"असू दे. दुसरा बोल्ट काढा."

स्टब बाहेर आला तेव्हा वरून चकचकीत दिसत होता, नवरदेवासारखा. सौमित्रनं तो उलटासुलटा करून पाहिला. चीर दिसत नव्हती. "आक्का, अजून बसवता येईल परत. मी सांगतो काहीतरी. तुमचा अंदाज चुकला असेल तर..."

चुकला असेल तर? हा विचार तिच्याही मनात सकाळपासून होता. बावन्न वर्षांचा कान. आयुष्यभराचं नाव. तिनं खुंटा टेबलावरच्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळला आणि लहान हातोडीनं टिचकी मारली. सलग लोखंड टणकन बोलतं. हे ठप्प म्हणालं.

"घण द्या चाचा."

"मी मारतो, आक्का."

"न्हाई. चालंल मी म्हटलं हुतं. मीच मारणार."

पहिल्या घावाला काही झालं नाही. दुसऱ्या घावाला खुंटा मुळातून तुटला आणि घरंगळत जाऊन सौमित्रच्या अनवाणी पायाशी थांबला.

त्यानं वाकून उचलला. तुटलेल्या तोंडाचा दोनतृतीयांश भाग तांबूस काळा पडला होता, गंज धरलेला, कितीतरी महिन्यांचा जुना. फक्त उरलेली एक चंद्रकोर तेवढी ताजी, पांढरी चमकत होती. तेवढ्याशा लोखंडावर उद्या बावीस पोरं घाट उतरणार होती.

संपत फाटकाबाहेर जाऊन उकिडवा बसला.

सौमित्रनं फोटो काढले, चारी बाजूंनी. मग बॅगेतून माइक काढला, तोच जुना, फक्त वायर नवी. "आक्का, आत्ताच्या आत्ता नवा नमुना घालू. हा आवाज, हा तुकडा, आणि तुमचा निर्णय. ‘बदला’. एवढं एकदा बोला. यंत्र लगेच शिकेल, महिन्याभरात सगळ्या गाड्यांना..."

आक्कानं माइक त्याच्या हातून घेतला आणि व्हाइसशेजारी आडवा ठेवून दिला.

"मला एक सांग. आठ दिवसांत गाडी आली न्हाई तर फोन कोण करणार?"

"म्हणजे?"

"तुझं यंत्र ऐकतंय. माझ्यापेक्षा बारीक ऐकतंय, मला मान्य हाय. पर ऐकल्यावर स्कूटर काढून कागलला कोण जाणार? मी गप बसलो ही माझी चूक. मी तोंडानं सांगीन, कोर्टात सांगीन, माझ्या नावानं सांगीन. पर एकसष्ट हजार माणसांच्या दारातनं किल्ली कोण काढून घेणार, ते सांग, मग मी बोलतो तुझ्या माइकात!"

ती ओरडत होती. शेजारच्या लेथवाल्यानं मशीन बंद केली. मग एकाएकी सौमित्रनं खिशातून मोबाइल काढला, तुटका खुंटा हातात तसाच घेऊन तो गाळ्याच्या कोपऱ्यात गेला आणि त्यानं नंबर लावला. आक्काला वाटलं, ऑफिसला लावला असेल. पण त्यानं बायकोला लावला होता.

"सायली, कुठं आहेस?" त्याचा आवाज चिरकला. "निघालीस? ईशा आहे गाडीत? ऐक, बाजूला घे. आहे तिथं थांबव... नाही, दाखला हिरवाच आहे. माहितीये मला हिरवाच आहे. तरी थांबव. खाली उतरा दोघी. रिक्षानं घरी जा."

त्यानं फोन ठेवला. वळला तर आक्का समोर उभी होती. घण अजून तिच्या हातात होता. तिच्या डोळ्यांतला राग जरासुद्धा कमी झाला नव्हता.

"झाला एक," ती म्हणाली. "आता पुढचा लाव."